सचिव साहेब, पल्ला सांगता, तसा महिन्याचा आकडाही सांगा

प्रति,
मा. सचिव, संरक्षण उत्पादन विभाग,
संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : 'अस्त्र' क्षेपणास्त्राचं उत्पादन, त्याची निर्यात आणि मराठवाड्यातले छोटे कारखाने

महोदय,

'अस्त्र' हे विमानातून विमानावर मारायचं आपलं स्वदेशी क्षेपणास्त्र परदेशाला विकण्याच्या गोष्टी आता उघडपणे होऊ लागल्या आहेत. माझा त्याला विरोध नाही; उलट ते लवकर व्हावं म्हणूनच लिहितोय. पण चर्चा होते ती फक्त पल्ल्याची. मार्क-१ शंभर किलोमीटरच्या पुढे, मार्क-२ त्याहून लांब, मार्क-३ तर विचारूच नका. टीव्हीवर नकाशा येतो, नकाशावर लाल वर्तुळं येतात, निवेदकाचा आवाज चढतो. महिन्याला किती क्षेपणास्त्रं कारखान्याबाहेर पडतात, हे त्या गदारोळात कुणी विचारत नाही. मी छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत मशीनशॉप चालवतो. आमच्याकडं नवं गिऱ्हाईक आलं की चहा येण्याआधी हाच प्रश्न येतो : महिन्याला किती देणार?

आधी पल्ल्याचं बोलून घेतो. विमानातून विमानावर मारायच्या क्षेपणास्त्राचा जो आकडा छापून येतो, तो सगळ्यात सोयीच्या परिस्थितीतला असतो. आपलं विमान उंचावर आणि वेगात, समोरचं थेट आपल्याच दिशेनं येणारं. त्यानं तोंड फिरवून पळ काढला की तोच आकडा झपाट्यानं खाली येतो. अस्त्र मार्क-१ चं वजन १५४ किलो. त्याची मोटर काही सेकंद जळते आणि विझते. पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर. ज्वारी हुरड्यात आल्यावर माळ्यावर उभं राहून ज्यांनी गोफण फिरवली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. धोंडा सुटला की वाटेत त्याला कुणी जोर देत नाही, आणि लांबच्या पाखराला उडून जायला वेळ मिळतो. म्हणून मार्क-२ साठी मोटरचा जोर दोन हप्त्यांत विभागला. दुसरा हप्ता राखून ठेवायचा आणि लक्ष्याच्या जवळ गेल्यावर पेटवायचा. त्याच्या पुढचं पाऊल म्हणजे घन इंधनाचं रॅमजेट. त्यात इंधन सोबत न्यायचं, पण ते जाळायला लागणारा ऑक्सिजन वाटेतल्या हवेतून घ्यायचा. ऑक्सिजनचं ओझं कमी झालं की तेवढं इंधन जास्त बसतं आणि जोर शेवटपर्यंत टिकतो. आपल्या राफेलवर असलेलं युरोपचं मीटिऑर याच तत्त्वावर चालतं. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओनं या तंत्राच्या चाचण्या २०१८ पासून ओडिशाच्या किनाऱ्यावर घेतल्या आहेत.

हे सगळं कौतुकाचंच आहे, आणि मी ते मनापासून करतो. सीकर, म्हणजे क्षेपणास्त्राच्या नाकातला रडार, पूर्वी रशियाकडून यायचा. ११ जुलै २०२५ ला स्वदेशी सीकर बसवलेली दोन अस्त्रं सुखोईवरून डागली गेली आणि दोन्ही लक्ष्यावर बसली. ज्या देशाला नाकातला रडार बाहेरून आणावा लागतो, त्याला निर्यातीची भाषा शोभत नाही. विकायचं म्हटलं की आधी दुसऱ्याची परवानगी काढावी लागते. ती अडचण आता दूर झाली आहे.

पण कॅलेंडर पाहा. जमिनीवरून पहिली चाचणी मे २००३. सुखोईवरून पहिल्यांदा डागलं मे २०१४. मध्येच २७ फेब्रुवारी २०१९ उजाडला. पाकिस्तानच्या एफ-१६ नी डागलेल्या अम्राम या अमेरिकन क्षेपणास्त्राचे तुकडे दुसऱ्या दिवशी दिल्लीत पत्रकारांसमोर ठेवले गेले, आणि आपल्या सुखोईंच्या पंखांखाली तेव्हाही रशियन क्षेपणास्त्रंच होती. हवाई दल आणि नौदलासाठी भारत डायनॅमिक्स (बीडीएल) या सरकारी कंपनीसोबत २,९७१ कोटींचा करार झाला ३१ मे २०२२ ला. हैदराबादच्या कारखान्यातून हवाई दलाकडं खेप रवाना झाली जानेवारी २०२४ मध्ये. संशोधनाला वेळ लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं करारानंतरच्या काळाबद्दल आहे. तिथं शास्त्रज्ञांचं काम बरंचसं झालेलं असतं आणि आमच्यासारख्यांचं सुरू होतं.

जुलै २०२५ च्या चाचणीनंतर सरकारनंच सांगितलं की या क्षेपणास्त्रामागं विमानं बनवणारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) धरून ५० हून अधिक सरकारी आणि खासगी उद्योगांचा हात आहे. त्या पन्नासांच्या खाली आणखी किती असतील याचा अंदाज कुठलाही मशीनशॉपवाला करू शकतो. बाहेरची नळी एकाकडं, पंख दुसऱ्याकडं, आतले ब्रॅकेट तिसऱ्याकडं, अॅनोडायझिंग चौथ्याकडं, हीट ट्रीटमेंट पाचव्याकडं. यातला एक जरी अडकला तरी सगळी जुळणी थांबते. क्षेपणास्त्र नव्वद टक्के तयार असून उपयोग नसतो.

आता या धंद्याचं गणित सांगतो, कारण ते दिल्लीत बसून दिसत नाही. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या भोवती आम्ही शेकडो लोक उगवलो. दुचाकीचा एखादा भाग आम्ही महिन्याला हजारोंनी काढतो. मशीन एकदा सेट केलं की तेच चालू. क्षेपणास्त्राचा भाग वर्षाला काहीशे लागतो, पण त्याची तयारी कमी होत नाही, उलट वाढते. नग पकडून ठेवणारं फिक्स्चर बनवा, प्रोग्रॅम लिहा, गेज मागवा, कच्च्या मालाच्या प्रत्येक तुकड्याचा कागद सांभाळा, पहिल्या नगाची इंच न इंच तपासणी करून घ्या. विमानाच्या पंखाखाली लटकणाऱ्या वस्तूला न डागताही कंपनं, थंडी आणि वळणांचा ताण खावा लागतो, त्यामुळं तपासणी कडक असणारच. त्यात कसूर नको. मग बॅच संपते. पुढची ऑर्डर कधी? माहीत नाही. फिक्स्चर रॅकवर जातं आणि मशीन लावून देणाऱ्या ज्या सेटरच्या हातात ते काम बसलं होतं, तो चाकणला जातो. दोन वर्षांनी पुन्हा खरेदीची ऑर्डर आली की सगळं पहिल्यापासून, नवा माणूस, नवं रिजेक्शन.

निर्यातीची खरी गरज मला इथं दिसते. आपल्या भाषणांमध्ये निर्यात कोटींमध्ये मोजली जाते : २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी, २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट. आकडे मोठे आहेत आणि त्यांचा अभिमानही वाटतो. पण आमच्या दृष्टीनं परदेशी ऑर्डरीची किंमत वेगळी आहे. हवाई दलाची एक खेप संपून दुसरी मंजूर होईपर्यंत जी पोकळी पडते, ती परदेशी ऑर्डर भरून काढते. लाइन थांबत नाही. माणसं पांगत नाहीत. आणि उद्या लढाई लागली, हवाई दलानं सांगितलं की आता दुप्पट द्या, तर दुप्पट देता येतं, कारण लाइन चालू आहे. अम्राम १९९१ पासून सेवेत आहे आणि ४० हून अधिक देश ते घेतात. अमेरिकेला हवी तेव्हा त्याची संख्या वाढवता येते, त्यामागं इतक्या वर्षांत कधी थंड न पडलेली ही लाइन आहे.

मात्र हे तेव्हाच खरं, जेव्हा परदेशाला जाणारा नग आपल्या स्क्वॉड्रनच्या, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांच्या, वाट्यातून काढलेला नसेल. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं आणि हवाई दल २९ स्क्वॉड्रनवर आलं. मंजूर आहेत ४२. विमानं कमी असताना उरलेल्या विमानांखाली तरी भरपूर क्षेपणास्त्रं असावीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. वाढीव क्षमता उभी करा आणि ती विका. आहे त्याच क्षमतेतून विकलं तर वर्तमानपत्रात मथळा येईल आणि एअरबेसच्या कोठारात रिकामी जागा राहील.

गिऱ्हाईक कोण, याचाही विचार व्हावा. ब्रह्मोसचं उदाहरण सगळे देतात. फिलिपिन्ससोबत जानेवारी २०२२ मध्ये करार झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोहोचली. पण ब्रह्मोसची किनाऱ्यावरची बॅटरी लाँचर, रडार आणि गाड्यांसह अख्खी विकता येते. अस्त्र तसं विकता येत नाही. ते गिऱ्हाइकाच्या विमानाला जोडावं लागतं, त्या विमानाच्या रडारशी आणि संगणकाशी त्याचं बोलणं जमवावं लागतं, डागल्यानंतरही विमानाकडून वाटेत त्याला लक्ष्याची ताजी माहिती पोहोचावी लागते. आपल्या स्वदेशी तेजस विमानानं ऑगस्ट २०२३ मध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळ अस्त्र डागलं, पण तेजस अजून एकाही देशाला विकलेलं नाही. म्हणजे तूर्त उरतात सुखोईवाले. मलेशियाची सुखोई-३० एमकेएम आणि अल्जीरियाची एमकेए ही आपल्या सुखोई-३० एमकेआयच्याच घराण्यातली. आर्मेनियाची गोष्ट तर धडा घेण्यासारखी आहे. त्यांनी २०१९ मध्ये रशियाकडून चार सुखोई-३० घेतली, २०२० मध्ये युद्ध झालं आणि ती विमानं कामी आली नाहीत. पुढं २०२१ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी स्वतःच सांगितलं की विमानं क्षेपणास्त्रांशिवाय आली होती. अशा देशांकडं विमान आहे, वैमानिक आहे, गरज आहे. सुखोईवर अस्त्र बसवण्याचा पूर्ण अनुभव आपल्या हवाई दलाकडं आणि एचएएलकडं आहे. आपण केवळ क्षेपणास्त्राचं पत्रक घेऊन गेलो तर काही होणार नाही. जोडणी, सुटे भाग, दुरुस्ती आणि वैमानिकांचं प्रशिक्षण हे सगळं एकाच करारात द्यावं लागेल.

आणि भरवसा द्यावा लागेल. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना हात हलवत परत यावं लागलं. मध्येच पुरवठा तोडला जाणं काय असतं, हे आपण भोगलेलं आहे. घेणारा देश आपल्याला तेच विचारणार : ऐन वेळी तुम्ही दार लावून घेणार नाही ना? याचं उत्तर तयार ठेवूनच बोलणी करा. ते उत्तर 'कोणालाही, कधीही' असंही नसावं. शेजारच्याच्या वस्तीवर बॉम्ब टाकणाऱ्या राजवटीला आपलं क्षेपणास्त्र जाऊ नये, एवढी चाळणी ठेवा. त्यासाठी चार ऑर्डरी गेल्या तर वाळूजला वाईट वाटणार नाही.

विकलेल्या शस्त्रासोबत गुपितंही बाहेर जातात, हेही आलंच. मे २०२५ च्या संघर्षात पाकिस्ताननं डागलेलं चिनी पीएल-१५ई पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यात शेतात येऊन पडलं, तेही बऱ्यापैकी धड. चीननं ते निर्यातीसाठी बेतलेलं, १४५ किलोमीटर पल्ला सांगितलेलं रूप विकलं होतं आणि आपल्याकडचं वेगळं ठेवलं होतं. आपणही निर्यातीचं अस्त्र वेगळं ठेवणार असाल तर ते आजच ठरवा. कारण त्याचा परिणाम थेट ड्रॉइंगवर होतो आणि ड्रॉइंग अर्ध्यात बदललं की काय हाल होतात, ते मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

इथं थोडं विषयांतर. धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या किल्ल्यात एके काळी मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ होती. १५४९ मध्ये अहमदनगरला एका रूमी कारागिरानं ओतलेली. १६३२ मध्ये ती विजापूरला गेली आणि आजही तिथंच आहे. आमच्याकडं तोफ राहिली नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ती ओतण्याचं ज्ञानही रुजलं नाही. मराठवाड्याची ही जुनी खोड आहे. वस्तू इथून जातात, ज्ञान इथं थांबत नाही.

म्हणून आता आमच्या गावची गोष्ट. नकाशावर पाहा. स्फोटकं आणि इंधनाचं संशोधन पुण्यात, सुखोई तयार करणारं एचएएल नाशिकजवळ ओझरला, क्षेपणास्त्राची जुळणी हैदराबादला. आम्ही या तिघांच्या मध्ये आहोत. हैदराबाद तर आम्हाला परकं नाही. ऑक्टोबर १९५६ पर्यंत आमची राजधानीच ती होती, आणि नांदेड-परभणीची पोरं आजही तिकडंच नोकरीला जातात. तरीही हैदराबादची ड्रॉइंग वाळूजला क्वचितच येतात. इथं संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं आहेत, बारीक मोजमाप करणारं सीएमएम आहे, टूलरूम आहे, मायक्रॉनमध्ये काम करायची सवय आहे. शिवाय एक निकडही आहे. आमच्या शहराजवळच्या शेंद्रा-बिडकीनमध्ये आता इलेक्ट्रिक गाड्यांचे प्रकल्प येत आहेत, त्यांचं स्वागतच आहे; पण इलेक्ट्रिक स्कूटरला इंजिनही नसतं आणि गिअरबॉक्सही नावापुरताच. ज्यांचं पोट त्या भागांवर आहे, त्यांना येत्या काही वर्षांत दुसरं काम शोधावंच लागणार.

ते शोधायला निघालं की काय होतं? एका सरकारी कंपनीच्या चौकशीला आम्ही उत्तर दिलं. साधा अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट होता, आमच्या रोजच्या कामापेक्षा सोपा. अट अशी की हाच किंवा असाच भाग आधी संरक्षण क्षेत्राला पुरवलेला असावा. ज्यानं पुरवला नाही त्याला काम नाही, आणि काम नाही म्हणून त्यानं पुरवलेला नाही. पुढं एका मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली ते काम मिळालं, तेव्हा कंपनाच्या चाचणीसाठी नग परराज्यात पाठवावे लागले. चाचणीची तारीख मिळेपर्यंत माल पडून, भांडवल अडकून. आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे हा २००६ चा कायदा त्या ठेकेदाराच्या लेखा विभागात पोहोचलेला नव्हता.

चाचणी केंद्रांसाठी आपल्याच खात्याची ४०० कोटींची योजना २०२० मध्ये आली, सरकार ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देतं. योजना उत्तम आहे. पण ती उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या संरक्षण कॉरिडॉरकडं, म्हणजे संरक्षण उद्योगांसाठी आखलेल्या पट्ट्यांकडं, वळली, कारण कॉरिडॉर तिथंच होते. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं केंद्रापुढं तीन कॉरिडॉरचा प्रस्ताव ठेवला. त्यातल्या एकात पुणे आणि अहिल्यानगरसोबत आमच्या शहराचं नाव आहे. कॉरिडॉर जाहीर व्हायला वेळ लागेल तो लागो, पण कंपन, तापमान आणि खाऱ्या हवेची चाचणी करणारं एक केंद्र शेंद्र्याला उभं करायला कॉरिडॉरच्या फलकाची गरज नाही. जागा आहे, वीज आहे, वापरणारे आम्ही आहोत. शुल्क भरून वापरू.

त्याहूनही महत्त्वाची मागणी ऑर्डरीची. एकदम मोठी खेप आणि मग शांतता, असं करू नका. पाच वर्षांचा अंदाज द्या, दरवर्षी थोडंथोडं का असेना पण न थांबता घ्या. निर्यातीची बोलणी सुरू असतील तेव्हा त्याची चाहूल खालच्या पुरवठादारापर्यंत पोहोचू द्या. देशाचं नाव सांगू नका, संख्या सांगा. आणि पूर्वानुभवाच्या अटीऐवजी नमुना मागा. आम्ही स्वतःच्या खर्चानं पाच नग करून देतो, तपासा, नापास झाले तर परत पाठवा.

आमच्याच लोकांमधून येणारा एक आक्षेप मला ठाऊक आहे. ज्या भागात २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पुरात माती वाहून गेली, तिथं क्षेपणास्त्रांचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण शेतीतून बाहेर पडलेल्या पोराला गावापासून तासाभरावर चांगला पगार देणारं काम हवं असतं, आणि असं काम इथं कमी आहे. आयटीआय झालेला मुलगा पाच अक्षांच्या मशीनवर बसला की त्याला रोजगार मागत फिरावं लागत नाही. बाकी हे माणसं मारायचं साधन आहे, हे मी विसरलेलो नाही. ते आपल्याकडं नसतं तर समोरच्याकडं असतंच, हे २०१९ नं दाखवलं. माझ्यापुरता तो वाद तिथं मिटतो.

साहेब, बीडीएल आणि डीआरडीओच्या पुरवठादार बैठका बहुतेक हैदराबादला किंवा एखाद्या मोठ्या प्रदर्शनात होतात. पुढची एक वाळूजला घ्या. सभागृह आम्ही देतो, जेवण आम्ही देतो. भाषणं कमी ठेवा आणि अस्त्रचे जे भाग बाहेरून करून घ्यायचे आहेत, ते खरोखरचे भाग टेबलावर मांडा. सोबत रिजेक्ट झालेलेही आणा, आणि प्रत्येकावर तो का नापास झाला याची चिठ्ठी लावा. आमचे सेटर ते हातात घेऊन पाहतील आणि कोणता भाग महिन्याला किती निघेल, याचा आकडा संध्याकाळपर्यंत तुम्हाला लिहून देतील.

आपला,
वाळूज एमआयडीसीतला एक लघुउद्योजक